गजर वाजला की येणारी फिट

मराठीत ‘झटका’ हा शब्द फार राबतो. फिट आली तरी झटका, हृदयविकार झाला तरी झटका, आणि डिफिब्रिलेटरने छातीवर दिला तोही झटकाच. घरचे लोक धापा टाकत येतात आणि “हिला झटका आला” एवढंच सांगतात. तो यांपैकी कुठला, हे शोधणं आपलं, डॉक्टरांचं काम. या केसमध्ये ते काम नऊ वर्षं कुणीच केलं नाही. शेवटच्या संध्याकाळी ज्यांनी केलं नाही त्यांत मीही होते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दाखल होताना

वय २६. बाळ नऊ आठवड्यांचं, अंगावर पिणारं. दोन दिवस उलट्या आणि जुलाब, त्यावर बाहेरून डोम्पेरिडोन (उलटीवरचं) आणि लेव्होफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) सुरू झालेलं. तोंडाने काही टिकेना म्हणून दुपारी भरती. नाडी ११० होती, रक्तदाब कमी; सलाईन गेल्यावर दोन्ही सावरले. केसपेपरवर पहिल्या ओळीत रेसिडेंटने लिहिलं होतं: नोन केस ऑफ सीझर डिसऑर्डर, नऊ वर्षांपासून, लेव्हेटिरासेटाम (आकडीवरची गोळी) चालू. नवऱ्याने ओघात सांगितलं की दोन आठवड्यांपूर्वी रात्री एक फिट येऊन गेली. त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला: जागरण, बाळंतपण, गोळी चुकली असेल. वॉर्डात उलटी थांबावी म्हणून ओंडान्सेट्रॉन ८ मिलिग्रॅम शिरेतून, रात्रीपर्यंत दोनदा. पोटॅशियम २.९ आलं. सलाईनमध्ये थोडं पोटॅशियम घाला, असा शेरा पडला. ते किती आणि कधी घातलं याची नोंद मला नंतर नीटशी सापडली नाही.

संध्याकाळच्या राउंडला ईसीजी माझ्या हातात आला. वर मशीनने छापलं होतं: गती ७५, क्यूटीसी ४२५, ईसीजी नॉर्मल. क्यूटी म्हणजे ठोक्याची विद्युतलहर सुरू झाल्यापासून तिची शेवटची टी लहर, म्हणजे हृदय पुन्हा शांत होतानाची लहर, संपेपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत. क्यूटीसी म्हणजे तोच, गतीप्रमाणे दुरुस्त केलेला. मी पट्टीकडे पाहिलं, टी लहरी जरा चपट्या वाटल्या, पोटॅशियम कमी आहेच असं मनाशी म्हटलं आणि सही केली. तीस सेकंद गेले असतील. ती सही अजून त्या कागदावर आहे.

पहाटे चार चाळीस

पोटॅशियम कमी म्हणून मॉनिटर लावलेला होता, एवढं एक बरं झालं. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाच्या मोबाइलचा गजर मोठ्याने वाजला. काही क्षणांत आमची रुग्ण डोळे फिरवून ताठ झाली, हातपाय झडू लागले. सिस्टरने हाक मारली. रेसिडेंट धावत आला आणि त्याने जे केलं ते केसपेपरवरच्या पहिल्या ओळीला धरूनच होतं: “फिट आली, लोराझेपाम काढा.” मॉनिटर कर्कश ओरडत होता. पडद्यावर नुसती वेडीवाकडी रेघ. अंग हलतंय म्हणून रेघ हलतेय, असं समजून कुणीतरी अलार्म बंद केला.

लोराझेपाम सिरिंजमध्ये भरेपर्यंत झटका थांबला होता. वीस सेकंदांच्या आत ती डोळे उघडून विचारत होती, “बाळ कुठंय?”

मी आयसीयूतून खाली आले तेव्हा हे सगळं आटोपलं होतं. मॉनिटरमध्ये मागचा आलेख साठवलेला असतो. तो मागे नेऊन आम्ही कागदावर काढला. त्या पट्टीचा फोटो मी आजही शिकवताना वापरते, म्हणून तिचं वर्णन सावकाश करते.

आधी नेहमीचा ठोका. त्याच्यामागे लगेच एक अवेळी, रुंद ठोका. मग लांब विराम, सव्वा सेकंदाच्या आसपास. विरामानंतरचा नेहमीचा ठोका, पण त्याची टी लहर आता चपटी राहिलेली नाही. ती फुगून दोन उंचवट्यांची झाली आहे. त्या दुसऱ्या उंचवट्यावरच पुढचा अवेळी ठोका येऊन पडतो आणि तिथून रेघ सुटते. टोकं आधी वर, मग हळूहळू बारीक होत खाली, मग पुन्हा वर, जणू दोरीला पीळ भरत चालला आहे. एकूण २२ सेकंद. पहिल्या ९ सेकंदांत बाकी काहीच घडत नाही. अंगाच्या थरथरीचे बारीक, खरबरीत काटे रेघेवर त्यानंतर दिसू लागतात. खालच्या ओळीतली बोटावरच्या ऑक्सिजनच्या चिमट्याची लहर मात्र पीळ सुरू होताच सपाट झालेली आहे, म्हणजे बोटापर्यंत नाडी पोचतच नव्हती.

म्हणजे मॉनिटर आधी बिघडला आणि अंग नंतर हललं. रक्त मेंदूपर्यंत पोचणं थांबलं की शुद्ध जायला साधारण सहा ते दहा सेकंद लागतात. तेवढेच लागले होते. अंगाच्या हालचालीने आलेख बिघडला असता, तर त्या गोंधळातून नेहमीच्या ठोक्यांची टोकं आपापल्या अंतरावर डोकावत राहिली असती आणि चिमट्याची लहर सपाट झाली नसती.

आणखी मागे गेल्यावर पावणेचारला सहा सेकंदांचा असाच एक पीळ सापडला. तेव्हा ती झोपेत होती. कुणाला कळलंही नव्हतं.

पट्टी पाहून रेसिडेंटचा चेहरा उतरला, पण हात चालूच होते. “मॅडम, व्हीटी आहे. अमिओडारोन १५० भरतो.” मी त्याचा हात धरला. व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोक्याची जलद लय, होती हे खरंच, पण या जातीच्या व्हीटीला अमिओडारोन हे लय सुधारायचं औषध म्हणजे आगीत तेल. अमिओडारोन स्वतःच क्यूटी लांबवतं आणि इथे सगळं दुखणं क्यूटी लांबल्याचं होतं.

मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत दिलं. रक्तातलं मॅग्नेशियम कमी आहे की नाही याची वाट पाहायची नसते. ते नॉर्मल असलं तरी उपयोग होतो. पोटॅशियम मॉनिटरखाली आणि या वेळी नोंद ठेवून, ४.५ ते ५ च्या दरम्यान नेण्याच्या बेताने. ओंडान्सेट्रॉन, डोम्पेरिडोन, लेव्होफ्लॉक्सासिन तिन्ही बंद. डिफिब्रिलेटरचे पॅड छातीवर चिकटवून ठेवले, तात्पुरत्या पेसमेकरचं सामान उशाशी. विराम पडला की पीळ भरतो, त्यामुळे पेसमेकरने गती मिनिटाला नव्वद-शंभरवर धरली तर विरामाला जागाच उरत नाही. हीच गती वाढवायला पुष्कळ जण आयसोप्रेनालिनचा विचार करतात. औषधांमुळे लांबलेल्या क्यूटीत ते चालून जातं. जन्मजात दोषात तेच उलटू शकतं. आमच्यापुढे कुठला प्रकार आहे ते अजून ठरायचं होतं, म्हणून ते बाजूला ठेवलं. पेसमेकरची गरज पडली नाही. मॅग्नेशियम गेल्यानंतर पीळ परत आला नाही.

साडेनऊ चौकोन की साडेअकरा

सकाळी मी संध्याकाळचा तोच ईसीजी काढला आणि पट्टी, पेन्सिल घेऊन बसले. पंधरा तासांपूर्वी बसायला हवं होतं.

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो. एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. दोन आर टोकांमधलं (आर म्हणजे ठोक्याचं उंच टोक) अंतर २० लहान चौकोन, म्हणजे ०.८ सेकंद, गती ७५. इथपर्यंत मशीन बरोबर. पण टी लहर कुठे संपते? लीड २ मध्ये आणि व्ही ५ मध्ये (ईसीजीच्या बारा नोंदींपैकी दोन) टी बुटकी होती आणि तिला दोन उंचवटे होते. मशीनने पहिल्या उंचवट्याचा उतार पकडला आणि साडेनऊ चौकोनांवर टी संपवली: ३८० मिलिसेकंद. दुसऱ्या उंचवट्याच्या सगळ्यात तीव्र उतारावर पेन्सिलने स्पर्शरेषा ओढली, तर ती पायाच्या रेघेला साडेअकराव्या चौकोनावर भेटते. ४६० मिलिसेकंद.

बॅझेटने १९२० मध्ये दिलेलं सूत्र अजून चालतं: क्यूटीला आर-आर अंतराच्या वर्गमुळाने भागायचं. ०.८ चं वर्गमूळ ०.८९. ३८० ला त्याने भागलं की मशीनचे ४२५ येतात, ४६० ला भागलं की ५१४. बायकांमध्ये ४६० च्या वर क्यूटीसी लांबलेला धरतात. ५०० ओलांडला की पिळाचा धोका खरोखरीचा. दोन चौकोनांच्या फरकाने ‘नॉर्मल’ आणि ‘आत्ता मॉनिटर लावा’ यांची अदलाबदल झाली होती.

मोजपट्टी जवळ नसेल तर एक ढोबळ नजर पुरते. गती साठ ते नव्वदच्या दरम्यान असेल, तर टी लहर दोन आर टोकांच्या मध्यबिंदूच्या अलीकडे संपली पाहिजे. इथे मध्यबिंदू दहाव्या चौकोनावर होता आणि टी तो ओलांडून पलीकडे गेली होती. हे पाहायला तीस सेकंद पुरले असते. फक्त पाहायला हवं होतं.

दोन उंचवट्यांची लहर दिसली की एक वाद हमखास निघतो: दुसरा उंचवटा टीचा भाग की वेगळी यू लहर? माझा रिवाज असा: दोघांमधली दरी पायाच्या रेघेपर्यंत उतरत नसेल आणि दुसरा उंचवटा चांगला उठावदार असेल, तर तो टीचाच मानून मोजायचा. पायाच्या रेघेवर टेकून मग वेगळी उठलेली बारीक लहर असेल तर ती यू, ती सोडून द्यायची. आणि हा वाद घालावा लागतोय हेच लक्षण समजायचं. निरोगी टीबद्दल कुणी भांडत बसत नाही.

मोजणीत आपण एकटेच कच्चे नाही, हा थोडा दिलासा. २००५ मध्ये व्हिस्किन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांना काही ईसीजी दिले आणि यातले क्यूटी लांबलेले कुठले, नॉर्मल कुठले, एवढंच विचारलं. क्यूटीच्या खास तज्ज्ञांपैकी ९६ टक्क्यांनी सगळे बरोबर ओळखले, लयतज्ज्ञांपैकी ६२ टक्क्यांनी. बाकी हृदयरोगतज्ज्ञ आणि इतर डॉक्टर यांच्यात हे प्रमाण २५ टक्क्यांच्याही खाली होतं. परीक्षेत क्यूटीचं सूत्र सगळे घडाघडा म्हणतात. चौकोन मोजायला बसवलं की निम्मे घाम पुसतात.

आधी काय झालं होतं?

आता खरी हिस्टरी घ्यायची होती. नवरा, आई आणि ती स्वतः, तिघांना एकत्र बसवलं. फिट कशी येते हे नऊ वर्षांत प्रत्येक डॉक्टरने विचारलं होतं. फिट यायच्या अगदी आधी काय झालं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिली फिट १७ व्या वर्षी. “परीक्षा होती, डॉक्टर,” आई म्हणाली, “पहाटेचा गजर लावला होता. गजर झाला न् ही अंथरुणातच वाकडी झाली.” दुसरी २१ व्या वर्षी, दुपारी पडली असताना दारावरची बेल वाजली तेव्हा. मग मधली वर्षं शांत. बाळ सात आठवड्यांचं असताना रात्री ते एकदम किंचाळून रडलं. ती दचकून उठली आणि कोसळली. आणि काल पहाटे शेजारचा मोबाइल.

चारही वेळा आवाज, चारही वेळा पडलेली किंवा झोपलेली, चारही वेळा एका मिनिटाच्या आत पूर्ण शुद्धीवर. चेहरा पांढराफटक पडायचा असं आईने आपणहून सांगितलं. जीभ कधी चावली गेली नाही. ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) दोनदा झाला होता, दोन्ही नॉर्मल. एमआरआय नॉर्मल. ईसीजी? पिशवीतल्या कागदांत गरोदरपणातला एक सापडला. त्यावरही मशीनचा शेरा नॉर्मल. मी मोजला: ४८०.

अंग झडलं म्हणजे आकडीच, हा समज इतका पक्का आहे की तो काढायला ठोस पुरावा लागतो. १९९४ मध्ये लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणून तिचं चित्रीकरण केलं. पूर्ण बेशुद्ध झालेल्यांपैकी ९० टक्क्यांचे हातपाय झडले होते. मेंदूला रक्त कमी पडलं की तो असाच झडतो, मग रक्त कशामुळे का थांबेना. फरक शोधायचा तो झडण्याच्या आधी आणि नंतर. खऱ्या आकडीनंतर माणूस बराच वेळ गुंगलेला, गोंधळलेला असतो. लयीच्या बिघाडातून उठलेला माणूस लख्ख उठतो आणि बाळ कुठंय म्हणून विचारतो.

मधल्या शांत वर्षांचं काय? २१ व्या वर्षानंतर तिला फेनिटोइन चालू होतं. फिट थांबल्या, म्हणून निदान पक्कं झालं असं सगळ्यांनी मानलं. पण फेनिटोइन सोडियमची वाहिनी (पेशीत सोडियम शिरायचं दार) अडवतं, आणि एके काळी ते लयीच्या बिघाडावरही, विशेषतः डिजॉक्सिनच्या विषबाधेत, वापरलं जात असे. त्याने तिच्या हृदयाला थोडा आधार दिला असेल किंवा निव्वळ योगायोग असेल. औषध लागू पडलं म्हणजे निदान बरोबर, हा तर्क मात्र लंगडा. लग्नानंतर, मूल व्हावं म्हणून, फेनिटोइन बंद करून लेव्हेटिरासेटाम दिलं गेलं. गरोदरपणात गती वाढलेली असते, ते महिने बरे गेले. आणि मग बाळंतपण.

हा नमुना पुस्तकात छापल्यासारखा आहे. जन्मजात लांब क्यूटीचे तीन मोठे प्रकार. पहिल्यात पळताना, आणि खास करून पोहताना माणूस कोसळतो. तिसऱ्यात विश्रांतीत, झोपेत. दुसऱ्या प्रकारात अचानक आवाज: गजर, फोन, बेल. याच प्रकारातल्या बायकांना बाळंतपणानंतरचे नऊ महिने सगळ्यांत धोक्याचे. टी बुटकी आणि खाचेची. आमच्या रुग्णाने ओळखपरेडीत उभं राहून हात वर केल्यासारखं होतं ते, फक्त परेड कुणी भरवली नव्हती.

दार अर्धंच उघडतं

दुसऱ्या प्रकारात बिघाड असतो तो केसीएनएच२ या जनुकात. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतून पोटॅशियम बाहेर जाऊन पेशी पुन्हा विद्युतदृष्ट्या शांत होते. त्यासाठीच्या दारांपैकी एका महत्त्वाच्या दाराचा आराखडा या जनुकात असतो. त्याचं जुनं नाव हर्ग, आणि त्यात ‘ईथर-अ-गो-गो’ असे शब्द दडले आहेत. फळमाश्यांना ईथर दिल्यावर याच्या भावंड जनुकातल्या दोषामुळे त्यांचे पाय नाचल्यासारखे थरथरत, म्हणून हे नाव. लांब क्यूटीशी त्याचा संबंध १९९५ मध्ये उघड झाला.

नेमकं हेच दार औषधांना सर्वांत सोपं सापडतं. आतली पोकळी ऐसपैस असल्याने नाना जातींचे रेणू तिथे जाऊन अडकतात. ॲलर्जीवरचं टर्फेनाडीन १९९० च्या दशकात याच कारणाने बाजारातून गेलं. आज नवं औषध आलं की ते हे दार अडवतं का, हे आधी तपासतात. डोम्पेरिडोन, ओंडान्सेट्रॉन, लेव्होफ्लॉक्सासिन: तिघंही या यादीतले. त्यातून पोटॅशियम उतरलेलं. बाहेर पोटॅशियम कमी असलं तर आतलं भराभर बाहेर पडावं असं वाटतं, पण हे दार उलटं वागतं. बाहेर पोटॅशियम कमी झालं की ते आणखी मिटतं.

निरोगी हृदयात यातली एखादी गोष्ट घडली तरी निभावतं. बाकीची दारं काम उचलतात, गंगाजळी शिल्लक असते. हिची गंगाजळी जन्मापासूनच अर्धी होती. जुलाबांनी त्यातली थोडी नेली आणि उरलेली आम्ही तीन औषधांनी उडवली. प्रत्येक चिठ्ठी सुटी पाहिली तर चूक कुणाचीच नाही. तीन चिठ्ठ्या एकीवर एक ठेवून कुणी पाहिल्या नाहीत.

पिळाला टोर्साद द प्वांत हे नाव देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरने १९६६ मध्ये दिलं. त्याची रुग्ण हृदयातला वहनरोध (वरच्या कप्प्यांचा विद्युतसंदेश खाली न पोचणं) असलेली ८० वर्षांची बाई होती. घराण्यातून उतरणारा आजार मात्र त्याहून जुना नोंदलेला आहे. १८५६ मध्ये लाइपझिगच्या माइस्नरने एका मूकबधिर मुलीची हकीकत लिहून ठेवली: शाळेच्या प्रमुखाने सगळ्यांसमोर जाब विचारायला बोलावलं आणि ती तिथेच कोसळून मरण पावली. १९५७ मध्ये येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी नॉर्वेतल्या एका घरातली चार कर्णबधिर मुलं लांब क्यूटीसकट मांडली. त्यांतली तीन अचानक वारली होती. बहिरेपणाशिवायचा, जास्त आढळणारा प्रकार इटलीत रोमानो यांनी १९६३ मध्ये आणि आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी १९६४ मध्ये सांगितला. आज अंदाज असा की सुमारे दोन हजारांत एकाला हा दोष असतो. तेव्हा दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा असा तो नाही.

पुढचे निर्णय

पाचव्या दिवशी औषधं अंगातून गेली होती, पोटॅशियम ४.७ होतं. क्यूटीसी ४८५. म्हणजे औषधांनी भर घातली होती, मूळ दोष तिचाच. श्वार्ट्झ यांच्या गुणपद्धतीत साडेतीन गुणांना निदान जवळजवळ पक्कं मानतात. हिचे सहाच्या वर गेले. जनुकतपासणीला रक्त पाठवलं, पण उपचार त्यासाठी थांबवले नाहीत. अहवाल पुढे आला: केसीएनएच२, वाहिनीच्या तोंडाजवळचा बदल.

बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा ॲड्रेनलिनचा परिणाम कमी करणारं औषध, द्यायचा, पण कुठला? या आजारात सगळे सारखे नाहीत. मेटोप्रोलॉल कमी पडतो असा अनुभव नोंदलेला आहे. नॅडोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल उजवे. नॅडोलॉल दुधात बऱ्यापैकी उतरतं आणि बाळ अंगावर पीत होतं, म्हणून प्रोप्रॅनोलॉल ४० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. वजन ५२ किलो, तेव्हा हे किलोमागे सव्वादोनच्या पुढे जातं. तिने एकच प्रश्न विचारला: दूध बंद करावं लागेल का? नाही म्हटल्यावर बाकीचं तिने शांतपणे ऐकलं.

आयसीडीवर (छातीत बसवायचं, लय बिघडली की आपोआप शॉक देणारं यंत्र) आमच्यात मतभेद झाले. एका सहकाऱ्याचं म्हणणं, पीळ मॉनिटरवर पकडला गेलाय, वाट कशाला पाहायची? माझं म्हणणं, तिला आजवर बीटा ब्लॉकरचा एक कणही मिळालेला नाही, त्या रात्रीचा पीळ आपणच भरला होता आणि तो आपोआप सुटला. शॉक द्यावा लागला नाही. २६ व्या वर्षी बसवलेल्या यंत्राच्या तारा पुढे पन्नास वर्षं सांभाळाव्या लागतात, आणि या आजारात नको तेव्हा मिळणारा शॉक माणसाला दचकवतो. दचकणं हेच तर हिचं निमित्त. बीटा ब्लॉकर चालू असताना पुन्हा शुद्ध हरपली तर मात्र यंत्र, किंवा डाव्या बाजूच्या सिम्पथेटिक नसा कापण्याची शस्त्रक्रिया, असं ठरलं. तिला यंत्र समजावून सांगत होते तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे झटका येऊ नये म्हणून आत झटक्याचं मशीन?” बरोबर तेच.

आकडीची गोळी लगेच बंद करू, असं आमच्या रेसिडेंटला वाटत होतं. मज्जाविकारतज्ज्ञांनी हात आखडता घेतला, आणि ते बरोबर होतं. केसीएनएच२ मेंदूतही असतं, आणि या प्रकारात खरीखुरी आकडीही काही जणांना असू शकते. एका चुकीच्या शिक्क्यावर घाईने दुसरा मारण्यात अर्थ नव्हता. लांब ईईजी झाला, तोही स्वच्छ निघाला. मग तीन महिन्यांत लेव्हेटिरासेटाम हळूहळू उतरवून बंद केलं.

घरी जाताना तिच्या हातात एक कार्ड दिलं: आजाराचं नाव, टाळायची औषधं, उलट्या-जुलाब झाले तर दोन दिवस न थांबता पोटॅशियम तपासायचं. क्रेडिबलमेड्स या संस्थेची, क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची यादी तिच्या नवऱ्याने फोनवर ठेवली. खोलीतून गजर हद्दपार झाला, फोन रात्री बाहेर.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आठ महिन्यांनी पाय मुरगळला म्हणून ती दुसऱ्या एका ठिकाणी गेली, आणि जुन्या नोंदीवरून केसपेपरच्या पहिल्या ओळीत पुन्हा तेच उतरलं: नोन केस ऑफ सीझर डिसऑर्डर. दुखण्याच्या इंजेक्शनने मळमळलं तर असू द्या म्हणून ओंडान्सेट्रॉनही लिहिलं होतं. तिने कार्ड काढून पुढे केलं. तिथल्या तरुण डॉक्टरने ते वाचलं, ओळ खोडली आणि ईसीजी काढायला सांगितला. त्याने तो हाताने मोजला की नाही, ते तिने पाहिलं नाही. मी विचारलं होतं.

घरातले बाकीचे

दोष बहुतेक वेळा पालकांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून घरातल्या सगळ्यांचे ईसीजी काढले. वडिलांचा नॉर्मल. धाकट्या भावाचा, वय १७, क्यूटीसी ४७२ आणि टीला तीच खाच. त्याला आजवर काहीही झालेलं नव्हतं. आईचा ४५५. म्हणजे सीमेच्या आत. पण क्यूटी नॉर्मल दिसला तरी जनुक असू शकतं, त्यामुळे तिला आडवं झोपवून एकदम उभं केलं आणि त्या क्षणांचा ईसीजी पाहिला. गती वाढली की क्यूटी आखडायला हवा. तिचा रेंगाळत मागे राहिला. जनुकतपासणीत आई आणि भाऊ दोघांतही तोच बदल निघाला. बाळातही. तिघांनाही आता बीटा ब्लॉकर आहे, बाळाला वजनाप्रमाणे मोजून.

आईच्या माहेरची चौकशी करताना तिने सांगितलं, माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली. आपल्याकडे ‘बाळंतपणात गेली’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. रक्तस्राव, ताप, काहीतरी असेल असं धरून चालतो. मी विचारलं, बाळंतपणानंतर किती दिवसांनी? “पाच महिन्यांनी,” आई म्हणाली. मग ती थोडी थांबली, कारण आकडा बोलून दाखवल्यावर तिच्याच लक्षात आलं की पाच महिने म्हणजे बाळंतपण नव्हे. पहाटे गेली. अंथरुणात. बाळ शेजारी होतं, ते रडत होतं म्हणून घरचे उठले.

बाळ आधी रडलं की नंतर, हे आता कुणाला सांगता येत नाही. दर भेटीला आई तो विषय एकदा तरी काढते. भावाच्या परीक्षा चालू आहेत. त्याला पहाटे ती हात लावून उठवते.